मी कॉम्प्युटर शिकले तो आषाढ

आषाढ लागला की आमच्या घराची दारं फुगतात. काशीदवरून मुरुडकडे निघालं की उजव्या हाताला, रस्ता आणि समुद्र यांच्या मधे, नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांतली एक आमची. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीवर काडी घासली तर नुसती तपकिरी रेघ उमटते, आणि मधल्या खोलीचं सागवानी दार चौकटीत बसायला तयार होत नाही. कितीही ओढलं तरी बोटभर फट राहते. यंदाही राहिली. परवा सकाळी केर काढताना ती फट दिसली आणि मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. एका आषाढात मी रोज संध्याकाळी त्या फटीतून आत बघत असे. चोरून, माझ्याच घरात.

माझे यजमान गेल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. मधल्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेला. दमट हवेत बिघडू नये म्हणून ते त्याच्याशेजारी दिवसभर पिवळा बल्ब लावून ठेवत. ते गेल्यावरही मी तो बल्ब लावत राहिले. कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची, त्यावरचं क्रोशाचं झाकण धुवून घालायची, आणि बटणांना मात्र हात लावायची नाही, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. ह्यांच्या माघारी त्या खुर्चीत येऊन बसायला लागले ते माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी.

भाऊजींचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. माझी जाऊ नातवंड सांभाळायला पनवेलला मुलाकडे गेलेली, त्यामुळे ते एकटेच. संध्याकाळी पंचा झटकत यायचे, पायरीवर पाय धुवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, दादाच्या कॉम्प्युटरवर थोडी कामं आहेत." कसली कामं, ते कधी सांगायचे नाहीत. मीही विचारायची नाही. पण चहा घेऊन आत गेले की खुर्ची करकरायची, माऊस टकटक वाजायचा आणि पडद्यावर जे काही असेल ते क्षणात नाहीसं व्हायचं. मागे उरायचं निळं आकाश आणि हिरवी टेकडी. भाऊजी त्या टेकडीकडे असे बघत बसायचे की जणू तासभर तेवढंच बघत होते.

माणूस गेलं की घरात आवाज वाढतात. पागोळ्यांचा, पालीचा, सुपारीच्या झाडावरून गळून पडणाऱ्या झापांचा. त्या सगळ्यांत मला ती टकटक वेगळी ऐकू यायची. स्वयंपाकघरात भाकरी थापतानासुद्धा माझा एक कान तिकडे असायचा.

त्याच सुमारास रस्त्यावर एक पांढरी गाडी दिसायला लागली. पनवेलकडचा कोणी जमिनीचा एजंट. पावसात कुंपणाशी छत्री धरून उभा राहायचा आणि वाडीकडे असा बघायचा, की मी उगाच पदर सावरून घ्यायचे. एकदा भाऊजी त्याच्याशी फाटकात बोलताना दिसले. मी जवळ गेले तशी दोघांनी पावसाची चौकशी सुरू केली. किती पडला, कुठे पाणी भरलं. एवढ्या लांबून गाडी घेऊन कोणी पावसाबद्दल बोलायला येत नाही.

वाडी दोघा भावांच्या नावावर होती. ह्यांचा हिस्सा आता माझ्याकडे आला होता. माझी लेक नाशिकला असते. मी फोनवर सहज बोलून गेले, तर ती म्हणाली, "आई, बाबांचं सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. काका रोज त्यावर काय करतात हे तुला माहीत नको?"

"अगं, सख्खे दीर आहेत."

"मी कुठे नाही म्हणते? पण तुला माहीत नको?"

ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. तुला माहीत नको, तुला माहीत नको. पावसात रिकाम्या बादलीवर थेंब पडत राहावेत तसे.

मुरुडच्या बाजारात, किराणा दुकानाच्या माडीवर, शबाना नावाची आगरदांड्याची मुलगी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. आषाढात मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, बाजार सुस्त. तेव्हा तिने दुपारी बायकांसाठी वर्ग काढला होता. मी नाव घातलं. घरी मात्र सांगितलं, की मुरुडला देवळात पोथी लागली आहे, ती ऐकायला जाते. भाऊजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. पण मी स्वतःच खोटं बोलत होते, त्यामुळे त्याचा फार विचार करायची सोय नव्हती.

माडीवर चपला काढून जायचं. खालच्या दुकानातून गूळ, खोबरेल आणि सुकटीचा वास वर यायचा. ओळीने मांडलेल्या कॉम्प्युटरांची तोंडं काळी. पहिल्या दिवशी मी माऊस असा धरला, की शबाना हसायलाच लागली.

"काकी, त्याच्यावर नुसता हात ठेवा. पळून नाही जात तो."

पण तो पळायचाच. मी हात डावीकडे न्यावा तर बाण वरच्या कोपऱ्यात जाऊन लपायचा. तो शोधायला मान पुढे काढावी, तर बोट कुठेतरी दाबलं जायचं आणि पडद्यावर नवीनच काहीतरी उघडायचं. मला वाटायचं, हे आपण उघडलेलं नाही. आत कोणीतरी बसलं आहे आणि आपली मजा बघतं आहे. कीबोर्डवरची अक्षरंही ए, बी, सी अशी ओळीने का नाहीत? सरळ लावायला काय हरकत होती? ज्याला आपल्यापासून काही लपवायचं असतं तोच अशी उलटीसुलटी मांडणी करतो, असं मी मनात ठरवून टाकलं.

माझ्या शेजारी कोळीवाड्यातली हौसा बसायची. तिच्या घरच्या होड्या वाळूत ओढून, निळं प्लास्टिक आणि झावळ्या घालून ठेवलेल्या. "होड्या वर हायेत, मासली नाय, घरान बसून काय कराचा?" असं ती म्हणायची, पण खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा जावई सदान्कदा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि सासू आली की मोबाइल उलटा ठेवायचा.

"त्यान तो काय बघतो, ता मना कळाला पायजे," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "तुमी कशाला शिकताव?"

"अशीच. वेळ जात नाही म्हणून."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. मग तीच सांगायला लागली, की दिघीच्या बाजूला तिच्या मावसबहिणीच्या सासरी कोणाची तरी जमीन अशीच गेली. "अंगठा नको, सही नको. कुनी बटन दाबला न् नाव बदलला. खरा का खोटा, देव जाने."

खरं की खोटं, मला तरी कुठे ठाऊक होतं? पण त्या संध्याकाळी भाऊजींची टकटक ऐकताना माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

त्या दिवसांत एक गोष्ट मला जाणवली. ते यंत्रही माझ्यासारखंच संशयी होतं. काही पुसायला जावं तर विचारायचं, नक्की पुसायचं आहे ना? बंद करायला जावं तर विचारायचं, नक्की ना? शबानाने ईमेलचं खातं उघडून द्यायला घेतलं, तेव्हा तर त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी यंत्रमानव नाही. तेवढ्यावरही त्याचं समाधान झालं नाही. छोटी छोटी चित्रं समोर टाकून म्हणालं, यांतल्या होड्या ओळखा. जन्म समुद्राकाठी गेलेला, आणि मी चित्रावर बोट ठेवून विचारत बसले, की ही होडी की पडाव? आपल्यावर असा उघड संशय घेतलेला मला आयुष्यात पहिल्यांदा अनुभवायला मिळत होता. राग आला. मग वाटलं, मी तरी भाऊजींच्या बाबतीत दुसरं काय करते आहे? फक्त हे यंत्र तोंडावर विचारतं आणि मी फटीतून बघते.

भाऊजीही स्वस्थ नव्हते. मी ओली छत्री पडवीत उघडून ठेवली की ते विचारायचे, "मग, पोथी कुठवर आली?"

"रावणाने सीतेला नेलं."

"परवाही नेलं होतं."

"पाऊस फार होता. बुवा पुढे सरकलेच नाहीत."

ते हसले नाहीत. चहा तसाच अर्धा टाकून गेले. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

एके दिवशी वर्ग सुटल्यावर मी मागे रेंगाळले. बाकीच्या बायका जिना उतरून गेल्या, तेव्हा शबानाला विचारलं, "एखाद्याने कॉम्प्युटरवर काही केलं आणि पुसून टाकलं, तर कळतं का गं?"

ती कॉम्प्युटरवर कापड घालत होती. थांबली. "काकांवर संशय आहे का, काकी?"

"काका नाहीत. जाऊन सात-आठ महिने झाले."

तिचा चेहरा उतरला. ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि काही न विचारता तिने मला दाखवलं, की अलीकडे काय काय उघडलं होतं ते कुठे दिसतं, पुसलेलं कुठल्या टोपलीत जाऊन पडतं, आणि टोपली रिकामी केली असेल तर ती रिकामी दिसते. मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. निघताना ती एवढंच म्हणाली, "काकी, बघायचंच असेल तर दुपारी बघा. मन जरा शांत असतं."

म्हणून मी दुपारीच बघितलं. भाऊजी पोफळींवर कोळेरोगाचं औषध मारून घ्यायला माणसं घेऊन वाडीत गेले होते. मी क्रोशाचं झाकण काढलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. ह्यांच्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसत होते. ती माझ्या मानाने उंच होती. पाय जमिनीला लागेनात. निळं आकाश आलं, हिरवी टेकडी आली. शिकवलं तसं मी एकेक उघडत गेले.

काही नव्हतं. ह्यांनी शाळेसाठी केलेली जुनी पत्रकं होती, लेकीच्या लग्नाचे फोटो होते. अलीकडचं म्हणून जे दिसत होतं ते एकच. रोज संध्याकाळी उघडलेलं, काल, परवा, तेरवा. मी त्यावर टिचकी मारली. हिरव्या कापडासारखा पडदा उलगडला आणि त्यावर पत्त्यांच्या ओळी लागल्या. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पत्ते कोण खेळतं रोज? पत्ते वर दिसावेत म्हणून ठेवले असतील; खरं ते पुसलं असेल. टोपली तर स्वच्छ रिकामी होती. रिकामी टोपली बघून जो माणूस जास्त घाबरतो, तो पुरावा शोधत नसतो, हे आज लिहिताना कळतं. तेव्हा मी फक्त ठरवलं, की आता तोंडावर विचारायचं.

संध्याकाळी भाऊजी आले. पाय धुतले. मी त्यांच्या मागोमाग मधल्या खोलीत गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"भाऊजी, ह्यांचा ईमेल उघडून द्या जरा. लेकीला एक फोटो हवाय."

"आत्ता?"

"हो. तुम्ही तर रोज बसता यावर."

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. माऊसवर हात ठेवला. बाण टेकडीवरून फिरला, आकाशात गेला, खाली आला. कुठेच थांबेना. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत आम्ही दोघं त्या बाणाकडे बघत होतो. मग त्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"वहिनी, मला येत नाही हे."

"काय येत नाही?"

"काहीच येत नाही. दादाने चालू करायला शिकवलं आणि पत्ते शिकवले. तेवढंच."

पडद्याकडे बघतच ते बोलत राहिले. "संध्याकाळी मी यायचो ना त्याच्याकडे. तुम्ही देवाजवळ दिवा लावत असायचात. दादा माऊस धरायचा आणि मी सांगायचो. काळ्या गुलामावर लाल दश्शी लाव, तो ढीग मोकळा कर. तो ऐकायचा नाही. डाव अडला की मला शिव्या द्यायचा. आता घरी एकट्याला बसवत नाही मला. पण भावाला जाऊन वर्ष झालं नाही आणि हा पत्ते खेळतो, हे तुम्हाला कसं दाखवू? म्हणून तुम्ही आलात की झाकायचो."

मला खाली बसावंसं वाटलं, पण खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. आणि इतकं ऐकूनही माझ्या तोंडून निघालं ते, "आणि तो पांढऱ्या गाडीवाला?"

भाऊजींनी वळून माझ्याकडे बघितलं. "तो मागे लागलाय. सगळं लिहून ईमेलवर पाठवलंय म्हणतो, दादाच्या पत्त्यावर. उत्तर द्या म्हणतो. मला उघडता येत नाही हे त्याला कसं सांगू? दर वेळी सांगतो, वहिनी बघतायत, वहिनी विचार करतायत."

"म्हणजे तुम्हाला विकायची नाहीये?"

ते लगेच नाही म्हणाले असते, तर बहुधा मी विश्वास ठेवला नसता. त्यांनी चष्मा काढून पंचाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला माहीत नाही, वहिनी. पनवेलला जाऊन सगळ्यांत राहावं असं वाटतं कधी कधी. भाव विचारला मी त्याला. खोटं नाही बोलणार." मग त्यांचा आवाज चढला. "पण तुम्ही तरी कुठे सरळ होतात? पोथी म्हणे! त्या देवळाचं छप्पर उडालंय, पोथी कुठली लागते तिथे? मी जाऊन बघून आलो. मला वाटलं, वकिलाकडे जाता. वाटणी मागायला."

"मी कॉम्प्युटर शिकायला जात होते."

"कशाला?"

"तुम्ही यावर काय करता ते बघायला."

मला वाटलं, आता भाऊजी उठून जातील आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाहीत. आणि तसे गेले असते तर मी अडवू शकले नसते. पण ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा मग. उघडा तो मेल. काय लिहिलंय ते दोघांनी मिळून बघू."

मी बसले. ते मागे उभे. लेकीला फोन करून ह्यांचा पासवर्ड विचारला आणि एकेक अक्षर शोधून टाकला. एजंटची पत्रं एकाखाली एक लागली होती, शेवटचं जरा चिडून लिहिलेलं. कोणाला तरी तिथे रिसॉर्ट काढायचा होता. आम्ही ते सगळं सावकाश वाचलं. विहीर बुजवावी लागेल, पोफळी तोडाव्या लागतील, असं त्यात अगदी सभ्य भाषेत होतं. भाऊजी विहिरीच्या ओळीपाशी थांबले. ती ओळ त्यांनी ओठ हलवत पुन्हा वाचली. ती विहीर सासऱ्यांनी खणली तेव्हा दोघं भाऊ लहान होते. मातीच्या टोपल्या वाहून हातांना फोड आले होते, हे ह्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं.

"लिहा," ते म्हणाले.

शबानाने मराठीत लिहायचं कसं ते शिकवलं होतं, पण जोडाक्षरं माझ्या हाताला येत नव्हती. म्हणून सोपं लिहिलं. 'वाडी विकायची नाही.' खाली माझं नाव, त्याखाली त्यांचं. त्यांचं नाव लिहिताना 'वसंत'चा अनुस्वार काही केल्या पडेना. "वसत राहू दे," ते म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही दोघंही हसलो.

पाठवायचं बटण मी त्यांना दाखवलं आणि माऊस त्यांच्या हातात दिला. मलाही दाबता आलं असतं. पण ते त्यांनीच दाबायला हवं होतं, आणि ते दाबताना मला बघायचं होतं. त्यांनाही ते कळलं. बाण बटणावर नेऊन ते थोडे थांबले. पनवेल, नातवंड, तिथली कोरडी, भरलेली खोली, हे सगळं त्या थांबण्यात असणार. मग त्यांनी दाबलं.

त्याला आता काही पावसाळे झाले. पांढरी गाडी आमच्या फाटकाशी थांबायची बंद झाली. पलीकडच्या वाडीशी थांबायला लागली. तिथे आता निळ्या टाइल्सचा तलाव आहे, आणि पावसातसुद्धा गाणी वाजतात. हौसाने जावयाच्या मोबाइलमध्ये काय सापडलं ते कधी सांगितलं नाही. भेटली की विषय बदलते, आणि मीही विचारत नाही. शबानाचं लग्न होऊन ती श्रीवर्धनला गेली. मी लेकीशी पडद्यावर बोलते, विजेचं बिल भरते, आणि हे लिहिते आहे तेही त्याच खोलीत, पायांखाली पाट घेऊन. जोडाक्षरं आता जमतात.

भाऊजी अजूनही संध्याकाळी येतात. मी शेजारी दुसरी खुर्ची ठेवली आहे. ते माऊस धरतात, मी सांगते, ते ऐकत नाहीत. कॉम्प्युटरला मात्र मी त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशीच पासवर्ड घातला. तो का घातला, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. ते आले की मी आधी जाऊन तो टाकते. तेवढा वेळ भाऊजी खिडकीशी जातात आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर पोफळींकडे बघत उभे राहतात. मी त्यांना तसं करायला कधी सांगितलेलं नाही. राहू द्या, इकडे बघा, असंही अजून कधी म्हटलेलं नाही.